भांडायला माणूस हवा

शालन, तू गेलीस ही बातमी ग्रुपवर कुणालाच टाकता आली नाही.

तुला हसू येईल. मला त्या दिवशी आलं नाही. आपल्या भाडेकरू समितीचा ग्रुप, चाळीतली झाडून सगळी बिऱ्हाडं त्यात, आणि लिहायची मुभा फक्त एकीला. ती एकटी तू. शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलातून तुझ्या लेकीचा, वैशालीचा फोन आला, आणि मी सवयीने ग्रुप उघडून चार ओळी लिहायला गेले, तर खाली तेच वाक्य: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. त्याच्या वर तुझा आदल्या दिवशीचा मेसेज. 'शनिवारी संध्याकाळी सहा वाजता चौकात सभा. खुर्च्या आपापल्या आणाव्यात. नुसते अंगठे पाठवू नयेत, यावं.'

गॅलरीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पण आता अर्ध्याअधिक खोल्यांना कुलपं आहेत, माणसं डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला. चाळीत काय चाललंय ते त्यांना ग्रुपवरूनच कळतं. ग्रुपच्या यादीतून एकेकाला फोन करत गेले, तोवर तुला न्यायची वेळ झाली. बाकीचे राहिले. तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला डोंबिवलीहून सामंतकाका चौकात हजर. गुडघ्याला पट्टा, हातात घडीची खुर्ची. त्यांच्यामागे आणखी चारपाच जण.

"शालन कुठाय? सहा वाजले की."

मी सांगितलं. काका खुर्ची न उघडता तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "काल? आणि आम्ही आज आलो?"

लोकांनी तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलून झालंय. तू कणखर होतीस, निःस्वार्थी होतीस, चाळीची आई होतीस म्हणे. आई वगैरे काही नव्हतीस. तू हट्टी होतीस, जेवताना फोनवर ओरडायचीस, आणि माझं म्हणणं अर्ध्यावर तोडून 'कळला, कळला' म्हणायचीस. मला तुझ्याशी भांडायची सवय लागली होती. आता संध्याकाळी ऑफिसातून येते, चहा टाकते, आणि गॅलरीत जाऊन उभी राहते तेव्हा काय करायचं ते सुचत नाही.

मी लग्न होऊन गिरगावातल्या फणसवाडीतून इथे लालबागला आले, तेव्हा तू 'गिरगावकरीण' असं नाव ठेवलंस ते शेवटपर्यंत. आमच्याकडे तीन पिढ्या कारकुनी. नळाला पाणी नाही आलं तर माझे वडील आधी कागद-कार्बन काढायचे. तुमच्याकडे पाणी नाही आलं की बायका हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसात. "तुम्ही अर्ज करता गो, आम्ही जमतो," हे तू मला कितीदा ऐकवलंस. पण अर्ज लिहायची वेळ आली की माझ्याच दारात यायचीस, हे कुणाला सांगितलं नाहीस.

तुझी पोलीस स्टेशनची गोष्ट मी परवा वैशालीला सांगितली. तिला माहीत नव्हती. चाळ पाडून टॉवर बांधतो म्हणत बिल्डर पहिल्यांदा आला त्या वर्षी आपल्याला चौकात लाउडस्पीकर लावून सभा घ्यायची होती आणि साहेब परवानगी देत नव्हते. आज या, उद्या या. तिसऱ्या खेपेला तू ताटात तांदूळ घेऊन गेलीस. बाकावर बसलीस आणि निवडायला लागलीस. हवालदार म्हणाला, "ओ मावशी, हे काय चाललंय?" तू म्हणालीस, "साहेबांना वेळ नाही, मला घरी वेळ नाही. इथेच उरकते." दुपारपर्यंत सगळं स्टेशन तुझ्याभोवती. एका बाईने तर खडे काढायला मदत केली. परवानगी मिळाली आणि वर चहा. मी शेजारी अर्जाची प्रत धरून लाजेने अर्धी झाले होते.

म्हणून तर तुझा ग्रुप बंद पडला तेव्हा तुला कळेना, जायचं कुठे. मोर्च्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कुणीतरी ठरवून, एकदम पुष्कळ जणांनी, तुझ्या नंबराविरुद्ध तक्रारी ठोकल्या. कुणी ते तू नि मी दोघी ओळखून होतो, पुरावा नव्हता. तुझा नंबर बाद, त्याच्याबरोबर सगळा ग्रुपही. मोर्च्याची वेळ बदललेली, आणि ती कुणाला कळवायला जागाच नाही. तू फोन घेऊन माझ्याकडे आलीस, कारण मी इंटरनेट कंपनीत नोकरीला, म्हणजे माझ्या ओळखी असणार. मी सांगितलं की माझी कंपनी तारा पुरवते, ॲप दुसऱ्याचं आहे. आपण दोघींनी त्यांना इंग्रजीत विनंती पाठवली. पुढच्याच मिनिटाला उत्तर आलं की आम्ही तुमचं प्रकरण तपासलं आहे.

"एका मिनिटात कोणी तपासला? माका सांग, ह्यो माणूस बसता खंय?"

"माणूस नाही गं. यंत्र तपासतं."

"मग माझो तांदूळ मी कोणासमोर निवडू?" तू खरंच चिडली होतीस. "पोलीस बरो गो. भांडाक तरी माणूस होयो!"

पुढे नंबर आपोआप चालू झाला, ग्रुपही. का गेला तेही कळलं नाही, का आला तेही नाही. मोर्च्याला नेहमीच्या निम्मी माणसं होती.

त्यानंतरच्या रविवारी आपण गॅलरीत वाल सोलत होतो आणि तू मला विचारलंस की हे तुमचं इंटरनेट असतं तरी काय. इतकी वर्षं मी त्याच धंद्यात, आणि मला तुला समजेल असं बोलायची वेळ पहिल्यांदा आली. मी म्हटलं, मुळात ते आपल्या गॅलरीसारखं बांधलेलं होतं. कुठल्याही खोलीतून कुठल्याही खोलीत जा, मध्ये कुणी विचारायला नाही, एक वाट बंद असली तर दुसऱ्या जिन्याने जा. ज्यांनी बांधलं त्यांनी मुद्दाम तसं बांधलं.

"मग बिघडला खंय?"

"बिघडलं नाही. गॅलरी आहे तिथेच आहे. माणसंच उठून एका हॉलमध्ये जाऊन बसली. हॉलमध्ये पंखे आहेत, भाडं नाही, सगळे ओळखीचे तिथेच. फक्त किल्ली हॉलवाल्याकडे. तो कधी दिवे घालवील सांगता येत नाही."

तू सोललेले वाल माझ्या ताटात ओतलेस. मग म्हणालीस, "मग तू आमका हॉलमध्ये कित्याक नेलंस?" कारण ग्रुप मीच काढून दिला होता. मी म्हटलं, "कारण सगळे तिथेच होते." आपल्याला एकत्र यायला ज्या जागा उरल्यात त्या दुसऱ्याच्या आहेत. आत येऊ देणं, न देणं त्याच्या मर्जीवर. त्यात कुणी दुष्ट असावं लागतं असंही नाही. बांधणीच तशी आहे. हे मी ऑफिसात कधी बोलत नाही. बोलून काय उपयोग, सगळ्यांना माहीत आहे.

हे बोलणं तू विसरशील असं वाटलं होतं. पण रजनीकडे गेलो त्या दिवशी तुला ते बरोब्बर आठवलं. शेजारची चाळ पाडून टॉवर झाला, रजनीला सतराव्या मजल्यावर घर मिळालं, आणि आपण दोघी हळदीकुंकवाला निघालो. गेटवर वॉचमन म्हणाला, नाव सांगा, मॅडमच्या फोनवर मंजुरी येईल. रजनीचा फोन आत चार्जिंगला, ती बायकांच्या घोळक्यात. मंजुरी काही येईना. आपण गजरे माळून फुटपाथच्या कठड्यावर बसलो. तू वॉचमनला म्हणालीस, "अरे बाबा, मी तिच्या बाळंतपणाला होते." तो बिचारा म्हणाला, "मावशी, माझ्या हातात काही नाही, मोबाइलमध्ये आहे." शेवटी आपण परत फिरलो. नंतर रजनीने सांगितलं की तिथे खाली चार माणसं जमून बोलत उभी राहिली तरी सूचना येते, आणि हॉल हवा तर ॲपवर मागायचा, कारण लिहायचं. कारण मान्य झालं तर हॉल.

त्या दिवसापासून तुझं एकच. नव्या इमारतीत तळमजल्यावर चाळकऱ्यांच्या मालकीचं सभागृह, करारात लिहून. लोक वाढीव जागा मागत होते, पार्किंग मागत होते, मोठ्या लिफ्टसाठी भांडत होते. तू सभागृह. मीही तुला म्हटलं होतं की शालन, एक खोली कमी-जास्त. तू म्हणालीस, "खोली नाही गो. आता गॅलरी जातली. मग आपण भेटूचा खंय? त्या तुझ्या हॉलात?" आणि तुझ्या आग्रहाखातर समितीने ठराव केला की सभागृह लिहून मिळेपर्यंत कुणीही एकट्याने बिल्डरच्या संमतीपत्रावर सही करायची नाही. करायची तर सगळ्यांनी बसून, एकदम. चाळीच्या हातात तेवढी एकच ताकद होती. सही एकेकट्याने गेली की संपलं, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

आणि अशी तू, त्याच ग्रुपला कुलूप लावलंस. यावरून आपलं जे भांडण झालं ते काही मिटलं नाही. कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं की तिसऱ्या मजल्याने सह्या दिल्या. साफ खोटं. पण संध्याकाळपर्यंत दोघातिघांनी घाबरून खरंच सह्या दिल्या. तू त्याच रात्री सगळ्यांचं लिहिणं बंद केलंस. त्यात गुड मॉर्निंगची फुलं आणि देवांचे फोटो यांनी तू आधीच वैतागलेली. सगळी चाळ म्हणाली, बरं झालं. मी म्हटलं, "मग तुझ्यात आणि त्या हॉलवाल्यात फरक काय?"

तू उठून गेलीस. बरेच दिवस बोलली नाहीस. मधेच एकदा शिंपल्यांचं, म्हणजे तुमच्या तिसऱ्यांचं सुकं वाडग्यात घेऊन आलीस, ओट्यावर ठेवलंस आणि तोंडातून शब्द न काढता परत गेलीस. मी ते खाल्लं, वाडगा घासून तुझ्या दारात ठेवला, मीही बोलले नाही. दोघी पन्नाशी उलटलेल्या.

मग एका संध्याकाळी तू तडजोडीला आलीस. तुझी तडजोड म्हणजे, "आधी सभागृह लिहून मिळू दे. मग उघडते ग्रुप, घाला काय ता धुडगूस." मी म्हटलं, "तुझं उलटं आहे. लोकांना बोलू देशील तर सभागृह मिळेल. गप्प बसलेल्यांना कुणी काही देत नाही." तू म्हणालीस, "बोलाक दिलंय तेव्हा काय झाला ता बघलंस ना." तेही खरं होतं. दोन्ही खरं होतं, म्हणून तर भांडण संपेना.

तू गेल्यावर बिल्डरचा माणूस आला. मुलगा चांगला आहे, वाकून नमस्कार करतो. हातात टॅबलेट, त्यावर बोटाने सही. प्रत्येक दारात हळू आवाजात सांगायचा, "शालनताईंचं ऐकून वाईट वाटलं. बाकीच्यांनी दिलीय, तुमची तेवढी राहिली." मग तोच मुलगा डोंबिवलीला, बदलापूरला घरोघरी. ग्रुप गप्प. 'आम्ही दिलेली नाही' एवढं सांगायलाही कुणाला वाव नाही. ग्रुपवर वर तू, शनिवारी सहाला बोलावणारी, आणि खाली काही नाही. मी ऑफिसातून येऊन फोन करायचे, आठदहा झाले की थकायचे. सामंतकाका म्हणाले, "सुमती, तो म्हणतो की तूही दिलीस." मी दिली नव्हती. पण त्यांनी विचारायच्या आधी एक आठवडा मनात ठेवलं होतं.

तेरावं झाल्यावर वैशाली वडाळ्याहून आली. तुझा फोन तिच्याकडे, हॉस्पिटलातून आणलेल्या पिशवीत इतके दिवस बंद पडलेला. "मावशी, हा नंबर बंद करून टाकते. मला तो बघवत नाही." मी तिला थांबवलं. तुझा नंबर गेला की यंत्र स्वतःच ग्रुपातल्या कुणाला तरी उचलून ॲडमिन करतं. आणि ग्रुपात बिल्डरचं कोण कोण घुसलेलं आहे, हे तुलाही पुरतं माहीत नव्हतं. वैशालीने फोन माझ्या हातात दिला. "मग तूच कर काय ते." दोन ठिकाणी बोट लावलं की ग्रुप उघडला असता. आपलं भांडण मी जिंकले असते, आणि तू 'कळला, कळला' म्हणायलाही नसतीस.

मी केलं नाही. तुझ्या नावाने, तुझ्या फोनवरून, माझ्या मनाप्रमाणे? मग मीही हॉलवालीच. वैशाली आणि मी दोघी फिरलो. चाळीतली दारं ठोठावली, ग्रुपमधल्या नंबरांवर तुझ्याच फोनवरून एकेकाला फोन लावले. पलीकडे लोक 'शालनताई?' म्हणून दचकायचे. वैशाली दरवेळी सांगायची, "मी मुलगी बोलतेय. रविवारी संध्याकाळी चौकात या." माझा आवाज बसला. तिचाही.

माणसं आली. मी म्हटलं, दोनच गोष्टी ठरवायच्यात. सही एकट्याने की एकत्र, आणि ग्रुप उघडा की बंद.

पहिली गोष्ट मी मांडली. मग दुसऱ्या मजल्यावरची माधुरी उठली. "मी दिली. तो म्हणाला सगळ्यांनी दिली." तिच्यामागून आणखी चारपाच उठले. एवढंच. सगळा चौक एकमेकांकडे बघत राहिला, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपणच तेवढे राहिलो. ज्यांनी दिल्या त्यांनी लेखी मागे घ्यायच्या, बाकीच्यांनी एकत्र बसल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि सभागृह करारात हवंच, असं ठरलं. सगळे हात वर गेले नाहीत. काही जणांना अजूनही वाटतं की सभागृहापेक्षा पार्किंग बरं. पण पुरेसे गेले.

दुसऱ्या गोष्टीवर भोसले म्हणाले, "उघडलंत की उद्या सकाळी सहाला गुलाबाचं फूल येणार." लोक हसले. ग्रुपचा घोळ शालनताईंनी अनुभवूनच बंद केला होता, असंही कुणी म्हणालं. मी तुझी बाजू मांडली, शालन. खोट्या मेसेजची सगळी गोष्ट सांगितली, तू सांगितली असतीस तशीच, आणि तुझ्यापेक्षा शांतपणे. मग सामंतकाका बसल्याजागीच म्हणाले, "मला तिच्या मयताला येता आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आलो." त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

वैशालीने सगळ्यांसमोर तुझ्या फोनवर ग्रुप उघडला आणि प्रत्येक मजल्याचा एक अशी चार माणसं ॲडमिन केली. मी त्यात नाही, मीच नको म्हटलं. आणि मग तुझा फोन वाजायला लागला. तू गेल्यापासून कुणाला लिहिता आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. चौकात उभी असलेली माणसंच लिहीत होती, गॅलरीतली, बदलापूरची. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात. पणत्या, कमळं, तुझ्या डोक्यात जाणारं सगळं. मधेच माधुरीने लिहिलं, 'ताई माफ करा, घाबरले होते.' कुणी तुझा जुना फोटो टाकला, वॉर्ड ऑफिसच्या पायरीवरचा, हंडा कमरेवर. वैशाली रडत रडत एकेक वाचत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

आता बिल्डरचे पुढे काय करतात ते बघायचं. खोटे मेसेजही येतील, कुणी पुन्हा तक्रारी ठोकून सगळा ग्रुपच घालवील, आणि तेव्हाही विचारायला समोर कुणी नसेल. मी दमलेय शालन. तुझ्याशिवाय हे करायला मला अजिबात आवडत नाही.

दोन दिवसांनी वैशालीने विचारलं, "आता करू नंबर बंद?" मी हो म्हटलं. ग्रुपवर एक बारीक ओळ आली: शालन परब यांनी ग्रुप सोडला.

तिच्याखाली तळमजल्यावरच्या बाईने लगेच विचारलं, उद्या टँकर येणार आहे का, कुणाला माहीत आहे? मला माहीत होतं. मी लिहिलं, येणार, सकाळी सात. आणि फोन पालथा ठेवून, दार लोटून, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले.